वऱ्हाडचे इंग्रजी : खापर्ड्यांच्या रोजनिशीपासून औषधाच्या डब्यापर्यंत

अमरावतीच्या वकिलांच्या खोलीत किंवा अकोल्याच्या जठारपेठेत निवृत्त प्राध्यापकांच्या बैठकीत बसले, की अर्ध्या तासात एक वाक्य हमखास कानी येते : ‘आता तसे इंग्रजी राहिले नाही.’ बोलणारा सुस्कारा टाकतो, ऐकणारे माना डोलावतात आणि मग कोणीतरी दादासाहेब खापर्ड्यांचे नाव काढतो. मी स्वतः आयुष्यभर इंग्रजी शिकवले. त्यामुळे हा सुस्कारा माझ्याकडे पाहूनच टाकला जातो, असेही कधी कधी वाटते. पण ‘तसे’ म्हणजे कसे, ते कोणाकडे होते आणि गेले असेल तर नेमके काय गेले, याचा शोध घेतल्याशिवाय मान डोलवायला मी तयार नाही.

आधी ‘तसे’ इंग्रजी कोठे दिसले ते पाहू. डिसेंबर १८९७ मध्ये राष्ट्रीय सभेचे तेरावे अधिवेशन अमरावतीला भरले. अध्यक्ष सी. शंकरन नायर, स्वागताध्यक्ष गणेश श्रीकृष्ण खापर्डे. दुष्काळ आणि प्लेगचे वर्ष. टिळक राजद्रोहाच्या शिक्षेवर तुरुंगात. सुरेंद्रनाथ बॅनर्जींनी टिळकांविषयी सहानुभूती व्यक्त केली ती याच मांडवात. मांडवाची भाषा इंग्रजी होती. कापसाच्या गाठी आणि जिनांच्या या गावात तीन दिवस बर्क आणि मेकॉलेच्या घाटाची लांबलचक वाक्ये घुमत राहिली. रंगनाथ नरसिंह मुधोळकर याच गावचे वकील. ते पुढे १९१२ साली बांकीपूरच्या अधिवेशनाचे अध्यक्ष झाले. मोरोपंत जोशीही इथलेच. संमतिवयाच्या प्रश्नावर १९२८-२९ मध्ये नेमलेली समिती त्यांच्या नावाने ओळखली जाते आणि शारदा कायद्याच्या मागे तिचा अहवाल उभा आहे. हे इंग्रजी भारदस्त होते, यात वाद नाही. मात्र ते मूठभर माणसांचे होते. १९२३ साली अमरावतीत किंग एडवर्ड कॉलेज निघेपर्यंत उच्च शिक्षणासाठी वऱ्हाडच्या मुलाला नागपूर, पुणे किंवा मुंबई गाठावी लागे, आणि ज्याच्या बापाला ते परवडे तोच जाई. आजच्या गर्दीची तुलना त्या मुठीशी करायची आणि घसरण झाली म्हणायचे, हा हिशेब मला पटत नाही.

शिवाय त्या सुवर्णकाळातही सुस्कारे होतेच. मुंबई इलाख्यातले एक निवृत्त सनदी अधिकारी जी. सी. व्हिटवर्थ यांनी १९०७ साली भारतीयांच्या लेखी इंग्रजीतील वाक्प्रचारांच्या चुकांवर एक आख्खे पुस्तक काढले. ‘बाबू इंग्लिश’ ही हेटाळणी त्याच्याही आधीची. आणि खुद्द इंग्लंडात? जोनाथन स्विफ्टने १७१२ सालीच आपली भाषा बिघडत चालल्याची तक्रार करून ती दुरुस्त करण्याची योजना छापली होती. प्रत्येक पिढीला आपल्या आजोबांची भाषा शुद्ध वाटते. आजोबांना मात्र ती वाटत नव्हती.

तरीही खापर्ड्यांच्या नावाशी मी थांबतो. कारण त्यांच्याकडे खरोखर काहीतरी होते आणि ते लोक समजतात त्या ठिकाणी नाही. खापर्डे म्हटले की लोकांना आठवतो तो सभा हसवणारा वक्ता, नवाबी थाटाचा वकील, टिळकांच्या खटल्याचे काम घेऊन १९०८ साली विलायतेला गेलेला मित्र. मला महत्त्वाची वाटते ती त्यांची रोजनिशी. ते वर्षानुवर्षे इंग्रजीत रोजनिशी लिहीत होते. त्यातला शिर्डीच्या मुक्कामाचा भाग, म्हणजे डिसेंबर १९१० मधला आठवडा आणि डिसेंबर १९११ ते मार्च १९१२ हे महिने, स्वतंत्र छापला गेला आणि भाविकांच्या हाती पडला. भाविक तो साईबाबांसाठी वाचतात. मी तो वाक्यांसाठी वाचला.

त्या नोंदींची घडण अगदी साधी आहे. सकाळी उठलो, प्रार्थना केली. अमुक जण भेटायला आले. बाबा बाहेर जाताना दिसले, परत येताना दिसले. दुपारी मंडळींबरोबर ‘परमामृत’ वाचले. संध्याकाळी आरती. वाक्य लहान, कर्ता समोर, क्रियापद ठाम. जे पाहिले ते लिहिले आणि जे ऐकले ते ‘ऐकले’ म्हणून लिहिले. चमत्काराच्या उंबरठ्यावर येऊनही विशेषणांचा पूर सोडलेला नाही. मशीद, वाडा, आरती हे शब्द त्यांनी भाषांतरित करायचा खटाटोप केला नाही. इंग्रजी वाक्याच्या मधोमध ते पाटावर बसल्यासारखे बसतात. सभा गाजवणाऱ्या वक्त्याचे इंग्रजी हेच का, असा प्रश्न पडतो. हे इंग्रजी कोणासाठीही लिहिलेले नव्हते. त्यात कोणावर छाप पाडायची नव्हती, न्यायाधीशाला वळवायचे नव्हते, टाळी घ्यायची नव्हती. म्हणून ते इतके नितळ आहे, असे माझे मत आहे. अधिवेशनाच्या भाषणांना शंभराहून अधिक वर्षांची धूळ चढली आहे. रोजनिशीतले वाक्य आज सकाळी लिहिल्यासारखे वाटते.

म्हणजे त्या काळीच वऱ्हाडात दोन इंग्रजी नांदत होती, एक मांडवातले आणि एक टेबलावरचे. ‘तसे इंग्रजी’ म्हणून आपण मांडवातल्याची आठवण काढतो. हरवले आहे ते टेबलावरचे.

हे टेबलावरचे इंग्रजी कोठून आले? माझ्या मते ते त्यांच्या मराठी-संस्कृतातून आले. खापर्डे संस्कृतात मुरलेले होते, वेदान्ताचे वाचन रोजचे होते, मराठी बोलणे फटकळ आणि रसाळ. ज्याला एका भाषेत स्वच्छ बोलता येते त्याला दुसरीत स्वच्छ व्हायला फार कष्ट पडत नाहीत. त्या पिढ्यांना इंग्रजी शिकवणारी तर्खडकरांची ‘भाषांतर पाठमाला’ आठवा. आज तिची टिंगल होते. पण तिच्यात एक गोष्ट होती. मराठी वाक्याचा अर्थ आधी नीट लागल्याशिवाय इंग्रजी वाक्य बनतच नसे. कर्ता कोण, कर्म कोणते, काळ कुठला, हे मराठीतच ठरवावे लागे.

याचे सर्वांत चांगले उदाहरण म्हणजे कुसुमावती देशपांडे. त्यांचा जन्म १९०४ साली अमरावतीचा. लंडनमध्ये इंग्रजीचे शिक्षण, मग नागपुरात इंग्रजीचे अध्यापन. पती कवी अनिल, मूर्तिजापूरचे. ‘पासंग’मधले त्यांचे समीक्षालेख वाचताना जाणवते, की इंग्रजी साहित्यावर पोसलेल्या या बाईंच्या मराठीत इंग्रजीचा वास नाही. आणि मराठी साहित्याविषयी त्यांनी इंग्रजीत लिहिले ते परक्या वाचकालाही अडखळत वाचावे लागत नाही. १९६१ साली ग्वाल्हेरच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी त्या आल्या, त्या पदावरच्या पहिल्या स्त्री म्हणून. त्याच वर्षी त्या गेल्या. वऱ्हाडी इंग्रजीच्या आठवणी काढणाऱ्यांच्या ओठी मी त्यांचे नाव क्वचितच ऐकले. कदाचित त्यांनी मांडव गाजवले नाहीत म्हणून असेल.

पंजाबराव देशमुखांचा प्रकार वेगळा. पापळच्या शेतकऱ्याचा मुलगा ऑक्सफर्डला जातो, वैदिक वाङ्मयातील धर्माच्या उगमावर प्रबंध लिहितो आणि परत येऊन १९३२ साली शिवाजी शिक्षण संस्था काढतो. संविधान सभेत ऑगस्ट १९४९ मध्ये नागरिकत्वाच्या कलमावर त्यांनी केलेली टीका वाचून पाहावी. त्यांच्याशी सहमत व्हायलाच हवे असे नाही, मीही पूर्णपणे नाही. पण हे नागरिकत्व फार स्वस्त होते आहे, हा आपला मुद्दा ते ज्या उघडपणे ठेवतात, त्यात आडपडदा नाही. बाजारात शेतकरी भाव सांगतो तसा तो मुद्दा सांगितला आहे. पंजाबरावांमुळे इंग्रजी अमरावतीच्या वाड्यांतून कुणब्याच्या, माळ्याच्या घरात गेले. घसरणीची तक्रार करणाऱ्यांपैकी काहींचे खरे दुखणे इथे आहे, असा मला संशय आहे. इंग्रजी पसरले, आणि पसरलेली गोष्ट पातळ होणारच, असे त्यांनी मनाशी ठरवून टाकले.

पातळ झाले, हे मी नाकारत नाही. गाइडे आली, ‘हमखास येणारे’ प्रश्न आले. निबंध पाठ करून उतरवणारी पिढी आली आणि तीच पुढे शिक्षक झाली. २००० सालापासून राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झाले. हेतू चांगला होता. पण ज्या गुरुजींना ते शिकवायचे होते, त्यांनी स्वतः इंग्रजी ऐकले होते ते रेडिओच्या क्रिकेटमध्ये. आता राजकमल चौकात किंवा अकोल्याच्या टॉवर चौकात उभे राहून वर पाहिले, तर फर्डे इंग्रजी तीस दिवसांत बोलायला लावण्याची हमी देणारे फलक दिसतात. त्या वर्गांतून बाहेर पडणाऱ्या मुलांशी मी बोलतो. मुले हुशार आहेत. त्यांना नमस्कार-चमत्काराची वाक्ये येतात, ओळख करून देता येते. ‘तुझ्या गावात या वर्षी सोयाबीनचे काय झाले?’ असे इंग्रजीत विचारले, की ती गप्प होतात. मग मी तोच प्रश्न मराठीत विचारतो. निम्मी तेव्हाही गप्पच राहतात किंवा म्हणतात, ‘सर, प्रॉब्लेम झाला.’

कोणता प्रॉब्लेम? यलो मोझॅक पडला की पाऊस लांबला की भाव पडला? त्या एका शब्दात तिन्ही बुडतात.

इथे मला वाईट इंग्रजीपेक्षा वाईट काहीतरी दिसते. बोलीतले इंग्रजी शब्द मी वाईट मानत नाही, हे आधी सांगतो. वऱ्हाडी माणसाने इंग्रजीतून शब्द उचलले ते गरजेपुरते आणि घासूनपुसून. ‘टेसन’, ‘जिन’, ‘पेस’, विजेसाठी ‘लाइन’. ‘लाइन गेली’ म्हटले की घरातल्या लेकराला कळते. काय गेले, केव्हा गेले, आता कंदील कुठे शोधायचा, सगळे त्यात आले. हा शब्द इंग्रज माणसाला कळणार नाही आणि त्याची गरजही नाही; तो आमचा झाला. याच्या शेजारी सुशिक्षितांचे शब्द ठेवा : ‘इश्यू’, ‘सिस्टिम’, ‘प्रोसेस’. कुठल्याही खिडकीपाशी जा. ‘तुमचं काम प्रोसेसमध्ये आहे.’ कोण करतो आहे, कोणत्या टेबलावर आहे, केव्हा होईल? काही कळत नाही, आणि कळू नये म्हणूनच तो शब्द तिथे आहे. पूर्वी याच खिडकीत ‘विचाराधीन’ हा शब्द बसत असे. तो संस्कृत होता, हा इंग्रजी आहे. धुके तेच.

म्हणून मराठीचे कैवारी जेव्हा सगळा दोष इंग्रजीवर टाकतात, तेव्हा मी त्यांच्याबरोबर फार लांब जात नाही. १९६२ चा शासकीय ‘पदनाम कोश’ आला तेव्हा अत्र्यांनी त्याला ‘बदनाम कोश’ म्हटले, ते त्यातल्या इंग्रजीमुळे नव्हे. ‘सूचित करण्यात येते की’, ‘कार्यवाही करण्यात यावी’ या वाक्यांत कर्ता शोधून दाखवा. ही इंग्रजी कर्मणीची सावली आहे असे भाषेचे जाणकार म्हणतात आणि मला ते पटते. पण सावलीखाली बसायला आम्हीच गेलो. पीक विम्याच्या कागदात ‘उंबरठा उत्पन्न’ असा शब्द असतो. इंग्रजी शब्दाचे शब्दाला शब्द भाषांतर. उंबरठा ज्याच्या घराला आहे त्या शेतकऱ्याला तो कळत नाही, आणि मूळ इंग्रजीही कळत नाही. त्याच योजनेत गारपिटीचे किंवा शेत पाण्याखाली गेल्याचे नुकसान ७२ तासांच्या आत कळवण्याची अट वर्षानुवर्षे राहिली. ७२ तासांतला पहिला दिवस ‘इंटिमेशन’ म्हणजे काय हे विचारण्यात जातो.

जॉर्ज ऑर्वेलने १९४६ साली इंग्रजीविषयी नेमकी हीच तक्रार केली होती. राजकारणाला लपवाछपवी हवी असते म्हणून भाषा फुगते, कर्ता गायब होतो, जडजंबाल शब्द येतात. दोन वर्षांनी अर्नेस्ट गॉवर्स यांनी ब्रिटिश सरकारी नोकरांसाठी साध्या शब्दांत लिहिण्याचे पुस्तक काढले, तेही सरकारच्याच सांगण्यावरून. म्हणजे ज्यांची ती मायबोली, त्यांनाही स्वच्छ इंग्रजी आपोआप येत नव्हते. आपल्या राज्यकर्त्यांपैकी कोणी असे पुस्तक मागवले असते, तर पहिले चार धडे लिहायला मी विनामूल्य गेलो असतो.

खरे म्हणजे आम्हाला ऑर्वेलची वाट पाहायची गरज नव्हती. अमरावती जिल्ह्यातले रिद्धपूर हे मराठी गद्याचे उगमस्थान. तेराव्या शतकात ‘लीळाचरित्रा’ची जुळवाजुळव इथे झाली. संस्कृतात बोलू-लिहू पाहणाऱ्या पंडित शिष्यांना नागदेवाचार्यांनी अडवले, ते असे करण्याने आपल्या म्हाताऱ्या बायाबापड्या वंचित राहतील म्हणून. ऐकणारा कोण आहे हे आधी पाहायचे आणि मग तोंड उघडायचे, हा नियम त्यांनी घालून दिला. सातशे वर्षांनी याच जिल्ह्यातल्या शेंडगावच्या गाडगेबाबांनी तोच पाळला. १९५६ साली वांद्र्याला झालेल्या त्यांच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण ऐकावे. लहान प्रश्न, त्याचे लोकांकडून घेतलेले उत्तर, त्यावर पुढचा प्रश्न. या निरक्षर माणसाच्या वाक्यात एकही शब्द धुक्यात नाही. उद्धव शेळक्यांच्या ‘धग’मधली कौतिक घ्या. १९६० ची ही कादंबरी वाचताना शहरी वाचक बोलीला अडखळतो, पण कौतिकला काय म्हणायचे आहे याला अडखळत नाही. विठ्ठल वाघांनी वऱ्हाडी म्हणींवर केलेले काम पाहिले, तरी हेच दिसते. बोलीला आडून बोलता येते, टोमणा मारता येतो, पण मोघम बोलता येत नाही.

आणि आम्ही वर्गात करतो काय? मूल ‘मले समजलं नाई’ म्हणाले की आधी त्याची ‘मले’ दुरुस्त करतो. न समजलेले तसेच राहते. गंमत अशी, की इंग्रजीच्या बाबतीत वऱ्हाडी मुलाला एक सोय जन्मजात मिळालेली असते. प्रमाण मराठीत ‘तो येतो’ या रूपात रोजचे येणे आणि आत्ताचे येणे दोन्ही भागते. वऱ्हाडीत ‘थो येऊन राहिला’ म्हटले की आत्ताचे येणे वेगळे काढलेले असते. इंग्रजीतला चालू वर्तमानकाळ समजायला हा भेद आयता आहे. मी फळ्यावर ‘येऊन राहिला’ लिहून इंग्रजीचा काळ शिकवला, तेव्हा एका सहकाऱ्याने माझ्याविषयी काळजी व्यक्त केली. मुलांना मात्र तो काळ दहा मिनिटांत समजला. पुढे ती ‘माझ्याकडे दोन बैल असून राहिले’ अशा थाटाचे इंग्रजी बोलतात, हा धोका आहेच, आणि भारतीय इंग्रजीवर तो आक्षेप नेहमी घेतला जातो. पण तिथे निदान सांगायला दोन बैल तरी असतात.

हा केवळ भाषेच्या अभिरुचीचा प्रश्न असता तर मी इतका लांबलो नसतो. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसे गेली. शेकडो दवाखान्यांत पडली. कारणे अनेक होती. उंच वाढलेली कपाशी, दमट हवा, एकात एक मिसळलेली औषधे, जोराचे पंप, नसलेले मुखवटे. मृत्यू लेबलामुळे झाले असे मी म्हणत नाही. पण औषधाच्या डब्याबरोबर एक घडीपत्रक येते. त्यात इंग्रजी असते, हिंदी असते, नियमाप्रमाणे मराठीही असते. अक्षर मुंगीएवढे, आणि मराठी कोणत्याच जित्या माणसाने कधी न बोललेली. फवारणारा मजूर ते वाचत नाही. डब्यावरचा लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण त्याला दिसतो. लाल म्हणजे सर्वांत जहरी हे सांगणारे कोणी असले तर ठीक. रोजनिशी लिहिणारा खापर्ड्यांसारखा कोणी हे पत्रक लिहायला बसला असता तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

म्हणून गेल्या काही वर्षांत मी तिसऱ्या वर्षाच्या वर्गात शेक्सपिअरचे सॉनेट संपले, की एक घडीपत्रक वाटतो. काम एवढेच : यातली एक सूचना आपल्या आईला सांगावी तशी वऱ्हाडीत लिहायची आणि मग तीच इंग्रजीत. पहिल्या दिवशी मुले हसतात. दर्यापूरकडच्या एका मुलाने एक वाक्य घेतले. पत्रकात ते असे होते : ‘वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने फवारणी करण्याचे कटाक्षाने टाळण्यात यावे.’ त्याने लिहिले, ‘वारा तोंडावर येत असन त फवारू नोका.’ मग थोडा वेळ पेन चावून खाली इंग्रजी लिहिले : डोन्ट स्प्रे व्हेन द विंड इज इन युवर फेस. मी ते फळ्यावर उतरवून घेतले. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या मुलीने विचारले, ‘अन् फवारता फवारता वारा फिरला त?’ ते पत्रकात कुठेच नव्हते. उरलेला तास आम्ही ते वाक्य लिहिण्यात घालवला.